मनोरे पाडले, पुढे काय?



अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात टॉन्टन नदीच्या मुखाशी ब्रेटन पॉइंट हे सुमारे १,६०० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र होते. २०१७ साली ते बंद झाले. २०१९ साली त्याचे शीतक मनोरे सुरुंगांनी पाडण्यात आले. सागरी पवनविजेसाठी तेथे केबलचा कारखाना काढण्याची योजना प्रिस्मियन कंपनीने २०२२ साली जाहीर केली आणि जानेवारी २०२५ मध्ये तिनेच माघार घेतली. धक्का, वीजवाहिन्यांची जोडणी ही श्रमिकांच्या घामातून उभी राहिलेली संपत्ती होय. तिचा विनियोग नफ्याच्या गणितावर सोडला, की साऱ्या नगराचे भवितव्य एका कंपनीच्या मर्जीवर लोंबकळते. कोळसा जाणे इष्टच. परंतु विजेचा स्रोत बदलला आणि जमिनीची मालकी तशीच राहिली, तर त्याला परिवर्तन म्हणता येणार नाही.