सुईच्या आधी



मी घाटघरची. अकोले तालुक्यातलं, वीजप्रकल्पाचं घाटघर वेगळं. माझं घाटघर जुन्नर तालुक्यातलं, जीवधन किल्ल्याच्या पायथ्याचं. नाणेघाटाकडे जाणाऱ्या गाड्या आमच्या गावावरून पुढे जातात. पावसाळ्यात लोक धुकं आणि धबधबे पाहायला येतात. जाता जाता गाडीच्या काचेतून त्यांना भाताच्या खाचरांत वाकलेल्या बायका दिसतात. त्यांतली एक माझी आई.

ज्यांनी आवणी, म्हणजे भाताची लावणी, केलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. राबातून उपटलेल्या रोपांची मूठ डाव्या हातात धरायची, उजव्या हाताने दोन-तीन काड्या चिखलात खोचायच्या आणि एकेक पाऊल मागे सरायचं. पाय पोटरीपर्यंत पाण्यात, पाठीवर पाऊस, आणि कंबर सकाळपासून दिवस मावळेपर्यंत वाकलेली. ती मध्ये सरळ करायची म्हटली तरी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून हळूहळू उठावं लागतं. आईने हे चाळीसहून जास्त पावसाळे केलंय. त्यात काढणी आली, झोडणी आली, उन्हाळ्यात डोंगरात हिरडा गोळा करणं आलं. साठी उलटल्यावर तिच्या कमरेने उठाबसायला नकार दिला, तेव्हा आम्हा भावंडांना आश्चर्य वाटलं. खरं म्हणजे त्याचीच लाज वाटायला हवी होती.

तालुक्याच्या दवाखान्यात तपासणी झाली. फोटो काढले. मणक्यांची झीज आहे, पण शस्त्रक्रिया करण्यासारखं काही नाही, असं निदान झालं. गोळ्यांनी बरं वाटायचं, पण त्या सतत घेतल्या की पोटात आग पडायची. तिथल्याच डॉक्टरांनी सुचवलं की ॲक्युपंक्चर करून बघायला हरकत नाही. मी नोकरीनिमित्त पुण्यात असते. चौकशी करून मी वेळ ठरवली आणि झोडणी आटोपल्यावर आईला घेऊन आले. आज मला त्या पहिल्या भेटीबद्दल सांगायचं आहे. तिथे काय होतं हे आधी कळलं असतं, तर तिची एक रात्र तरी झोपेत गेली असती.

आई आदल्या रात्री झोपलीच नाही. आता हे विचित्रच होतं. आमच्याकडे गोळीवर कुणाचा भरवसा नसतो, सुई टोचली म्हणजेच औषध झालं असं मानतात. साध्या तापालाही आईच डॉक्टरांना म्हणायची, "एक सुई द्या, म्हणजे उतरंल." पण दहा-बारा सुया एकाच वेळी टोचून तशाच ठेवतात, हे ऐकल्यावर तिचा धीर सुटला. "पोरी, मी काय गोधडी हाय का टाके घालायला?" असं तिने मला विचारलं, आणि ती खरंच घाबरली होती.

म्हणून आधी सुईबद्दल सांगते. इंजेक्शनची सुई पोकळ असते, कारण तिच्यातून औषध आत जायचं असतं. ॲक्युपंक्चरची सुई भरीव असते. तिच्यातून काहीच आत जात नाही. नेहमी वापरतात ती जाडीला पाव मिलिमीटरच्या आसपास भरते, म्हणजे दंडात घेतो त्या इंजेक्शनच्या सुईच्या निम्म्याहूनही बारीक. तिचं टोक कातडी फाडत नाही, बाजूला सारत आत जातं. त्यामुळे बहुतेक वेळा रक्तही येत नाही. आईने ती बोटांच्या चिमटीत धरून पाहिली आणि वाकवून पाहिली. ती लवचीक आहे हे कळल्यावर तिच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरला. तुम्हालाही भीती वाटत असेल तर सुई दाखवा म्हणून सांगा. चांगला चिकित्सक ती आनंदाने दाखवतो, आणि बंद पाकीट तुमच्यासमोरच फोडतो. सुई एकदाच वापरून टाकून देण्याची असली पाहिजे. याबाबतीत भीड बाळगू नका. आधी वापरलेल्या सुईतून कावीळ आणि एचआयव्हीसारखे आजार पसरू शकतात.

पण खरी गोष्ट अशी की, आम्ही आत गेल्यावर बराच वेळ सुई निघालीच नाही.

आधी चिकित्सक बाईंचे प्रश्न सुरू झाले. कंबर कुठे दुखते, बोट ठेवून दाखवा. सकाळी जास्त की संध्याकाळी? चाललं की वाढतं की बसलं की? कळ पायात उतरते का? मुंग्या येतात का? थंडीत काय होतं, शेकलं की काय होतं? इथवर ठीक होतं. मग झोप, भूक, तहान, पोट साफ होणं, पाळी कधी गेली, बाळंतपणं किती झाली आणि त्यानंतर किती दिवसांनी कामाला लागलात, असं सुरू झालं. आई माझ्याकडे पाहू लागली. कंबर दुखते तर झोपेची चौकशी कशाला, हे तिला कळेना. शेवटच्या प्रश्नाला मात्र ती थांबली आणि म्हणाली, "मधल्याच्या टायमाला बाराव्या दिशी खाचरात उतरले व्हते." हे मला माहीत नव्हतं. मी तिची मुलगी, आणि मला माहीत नव्हतं.

या पद्धतीत दुखणारी जागा एकटी पाहत नाहीत, सगळा माणूस पाहतात, असं म्हणतात. त्यामागचं शास्त्र कुणाला पटो न पटो, त्या अर्ध्या-पाऊण तासात आईच्या कमरेचा इतिहास पहिल्यांदा कुणीतरी लिहून घेतला. मला विचाराल तर पहिल्या भेटीतला सर्वांत मोलाचा भाग तोच होता.

मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी पाहिली. आमच्याकडचे वैद्यही नाडी पाहतात, त्यामुळे आईला ते ओळखीचं वाटलं. पुढे जीभ बाहेर काढायला सांगितली. चिनी पद्धतीत जिभेचा रंग, तिच्यावरचा थर आणि कडा पाहून अंदाज बांधतात. इथे एक पंचाईत झाली. आई मिसरी लावते. जिभेवर, दातांवर तिचा काळसर रंग होता. तेव्हा श्रोतेहो, जाण्याच्या दिवशी मिसरी, तंबाखू, पान, रंगीत गोळी टाळा. मिसरी कायमची सुटली तर त्याहून चांगलं. त्या बाईंनी आईला तेही सांगितलं. कमरेवर बिब्ब्याचे जुने डाग दिसले. ते कधीचे, कुणी दिले, हे विचारलं, पण ओरडल्या नाहीत. आईला मी त्यासाठी कितीदा बोलले होते. त्या दिवशी मला कळलं की न बोलता विचारता येतं.

आता घरून निघताना काय करावं ते सांगते. उपाशी जाऊ नका. रिकाम्या पोटी किंवा फार भीतीने एखाद्याला भोवळ येते. दोन तास आधी भाकरी-भाजी खाऊन निघालं तर बरं. फार भरपेटही नको. कपडे सैल असावेत. नऊवारी असो वा सहावारी, गुडघ्यापर्यंत पाय आणि कोपरापर्यंत हात मोकळे होतील असं पाहा. कंबर उघडी करावी लागत असेल तर वर चादर मागा, सोबत बाईमाणूस थांबू द्या म्हणा. जुने कागद, फोटो, चालू गोळ्यांची पाकिटं न्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, रक्त लवकर थांबत नसेल, हृदयात पेसमेकर बसवलेला असेल, दिवस गेलेले असतील, तर विचारायची वाट न पाहता आधी सांगा. गरोदरपणात काही बिंदू, म्हणजे सुई टोचायच्या ठरावीक जागा, टाळतात. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला बिंदू त्यांतला एक. पेसमेकर असेल तर सुयांना वीजप्रवाह जोडत नाहीत.

आईला पालथं झोपवलं. कमरेवर, गुडघ्यांच्या मागच्या लवणीत, घोट्याजवळ आणि हातावर मिळून बारा सुया. मी मोजल्या, कारण त्या बाई मोठ्याने मोजत होत्या. काढतानाही त्यांनी मोजल्या. ही सवय मला फार आवडली. टोचताना डास चावल्यासारखं वाटलं, असं आई म्हणाली. नंतर कुठे जडपणा, कुठे मुंग्या, कुठे आत ओढल्यासारखं. ही जाणीव यावी अशीच त्या चिकित्सेत अपेक्षा असते. पण चटका बसला, वीज चमकल्यासारखी कळ गेली, तर सहन करत पडून राहू नका, लगेच सांगा. आमच्या बायकांना सोसायची इतकी सवय असते की हे दोनदा सांगावं लागतं.

मग वीस-पंचवीस मिनिटं नुसतं पडून राहायचं. आई झोपली. आदल्या रात्रीची झोप तिने तिथे भरून काढली.

काही ठिकाणी सुयांना बारीक तारा लावून सौम्य वीज देतात, काही ठिकाणी तांबड्या दिव्याचा शेक देतात. काही ठिकाणी मोक्सा वापरतात, म्हणजे एका वनस्पतीच्या वाळलेल्या पानांची कांडी पेटवून बिंदूपाशी धरतात. ती वनस्पती आपल्या दवण्याच्या कुळातली. जोतिबाला वाहतात त्या दवण्याचीच चुलत बहीण म्हणा.

घरी परतताना आईने विचारलं, "हे चिनी लोकांचं ना गं? मग आपल्याकडं कोणी आणलं?" मी तिला सोलापूरच्या डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांची गोष्ट सांगितली. 1938 साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक युद्धाच्या काळात चीनमध्ये गेलं. कोटणीस त्यात होते, नागपूरचे डॉक्टर चोळकरही होते. कोटणीस तिथेच राबले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. त्यांच्यावर व्ही. शांताराम यांनी सिनेमा काढला. कोटणीसांनी ॲक्युपंक्चर भारतात आणलं असं पुष्कळदा सांगतात, पण ते तसं नाही. ते शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते. त्याच पथकातले डॉक्टर विजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि 1950च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ती कोलकात्यात सुरू केली. आईला बसूंपेक्षा कोटणीसांचंच जास्त वाईट वाटलं. "त्याची आई असंल ना सोलापुरात," एवढंच ती म्हणाली.

आता गुण येतो का, हा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केलेले 361 बिंदू आहेत, आणि ते चिनी पद्धतीतल्या चौदा वाहिन्यांवर मांडलेले आहेत. शरीर चिरून पाहिलं तर अशा वाहिन्या सापडत नाहीत. सुईमुळे मज्जातंतू चेतवले जातात आणि वेदना कमी करणारी द्रव्यं शरीरात स्रवतात, असं आजचं शास्त्र सांगतं. 2012 साली सुमारे 18 हजार रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. पाठ, मान, खांदा, गुडघा, डोकेदुखी अशा जुनाट दुखण्यांत खऱ्या सुयांचा गुण लुटुपुटूच्या सुयांहून थोडा जास्त आढळला. थोडाच. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका मोठ्या संस्थेने 2017 मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर सुचवलं, तर ब्रिटनच्या संस्थेने त्याआधी एकच वर्ष कंबरदुखीसाठी ते देऊ नका असं सांगितलं होतं. तज्ज्ञांचं एकमत नाही, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. मधुमेह, कर्करोग, क्षयरोग सुयांनी बरा करतो असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. चालू औषधं सुयांच्या भरवशावर बंद करू नका. कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा गेला, पायातली ताकद गेली, ताप येऊ लागला, वजन उतरू लागलं किंवा पडल्यावर दुखणं सुरू झालं, तर सुया नंतर, आधी मोठा दवाखाना.

आणि कुणाकडे जायचं तेही पाहा. महाराष्ट्राने ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केला आहे, तो 2015 सालचा. केंद्र सरकारनेही 2019 मध्ये या पद्धतीला मान्यता दिली. तेव्हा शिक्षण कुठे झालं, नोंदणी आहे का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. छातीवर, खांद्यावर सुई चुकीच्या खोलीवर गेली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. असं क्वचित घडतं, पण म्हणूनच शिकलेला हात हवा.

पैशांचं आधीच बोलून घ्या. एका वेळेचे किती, आणि किती वेळा यावं लागेल? एका भेटीत क्वचितच काही ठरतं. आम्हाला आठवड्यातून एकदा, सहा वेळा, असं सांगितलं. सहा वेळांनंतर फरक नसेल तर थांबायचं, हेही त्याच दिवशी ठरलं. घाटघरहून जुन्नर तिसेक किलोमीटर, तिथून पुणं नव्वदच्या वर. दुखत्या कमरेने एवढा एसटीचा प्रवास करून सुया घ्यायच्या आणि तसंच परत जायचं, तर मिळालेला आराम खड्ड्यांतच सांडायचा. म्हणून आई दीड महिना माझ्याकडे राहिली. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी जवळ नारायणगाव-जुन्नरकडे कुणी प्रशिक्षित आहे का ते पाहावं, आणि आवणीच्या तोंडावर तर सुरूच करू नये.

पहिल्या दिवशी आईला थकवा आला. एका जागी बारीक निळा डाग पडला. तो दोन-तीन दिवसांत गेला. त्या दिवशी जड काम करू नका, पाणी प्या, विसावा घ्या, असं सांगितलं होतं. आईला पाणी पिणं जमलं, विसावा शिकवावा लागला.

निघताना त्या बाई म्हणाल्या होत्या, रोज रात्री किती दुखलं ते लिहून ठेवा, पुढच्या वेळी घेऊन या. आईला लिहिता येत नाही. मी म्हटलं मी लिहीन, पण संध्याकाळी मला यायला उशीर व्हायचा. मग तिने स्वतःच मार्ग काढला. स्वयंपाकघरात ओट्यामागच्या भिंतीवर कोळशाने रोज एक रेघ. फार दुखलं तर वीतभर, कमी दुखलं तर बोटाएवढी. भाड्याच्या घराची भिंत, पण मी काही बोलले नाही. आठवडाभराने दुसऱ्या भेटीच्या सकाळी तिने मला तिथे उभं केलं. सात रेघा होत्या. पहिल्या तीन वीतभर. चौथी जरा आखूड. पाचवी पुन्हा लांब, कारण त्या दिवशी तिने मला न सांगता गोधड्या धुतल्या होत्या. शेवटच्या दोन बोटाएवढ्या. मी मोबाइलवर त्या भिंतीचा फोटो काढला आणि तोच घेऊन आम्ही निघालो.