क्रोनिनचा ‘गड’

साहित्याने मनोरंजन करावे की समाजाचे डोळे उघडावेत, हा वाद जुनाच आहे. काही ग्रंथ मात्र या वादात न पडता दोन्ही कार्ये सहज करून जातात. ए. जे. क्रोनिन या स्कॉटिश लेखकाची १९३७ साली प्रसिद्ध झालेली ‘द सिटाडेल’, म्हणजे ‘गड’, ही कादंबरी त्यांपैकी एक होय. काही श्रोत्यांनी १९७१ सालचा ‘तेरे मेरे सपने’ हा हिंदी चित्रपट पाहिला असेल. त्याचे कथासूत्र याच कादंबरीतून घेतलेले आहे.

क्रोनिन स्वतः डॉक्टर होता. ग्लासगो विद्यापीठात शिकून तो दक्षिण वेल्समधील ट्रेडेगर या खाणकामगारांच्या गावी गेला, १९२४ साली खाणींचा वैद्यकीय निरीक्षक झाला आणि पुढे त्याने लंडनमध्ये व्यवसाय केला. त्याच्या नायकाचा, अँड्र्यू मॅन्सनचा, प्रवासही याच वाटेने होतो.

तरुण मॅन्सन वेल्समधील एका खाणवस्तीत येतो तेव्हा खिशात पैसा नाही, पण मनात उमेद उदंड आहे. गावात विषमज्वराची साथ येते. तिचे मूळ एका फुटक्या गटारात आहे, हे कळूनही अधिकारी हलत नाहीत. शेवटी मॅन्सन आणि त्याचा मित्र डेनी रात्रीच्या काळोखात सुरुंग लावून ते गटारच उडवून देतात! पुढे दुसऱ्या गावी, कोळशाच्या खाणीतील धूळ कामगारांची फुप्फुसे कशी पोखरते, याचे तो चिकाटीने संशोधन करतो. तेथे कामगारांच्या वर्गणीतून वैद्यकीय मदतीची योजना चालते. पण क्रोनिन तिचेही आंधळे गुणगान करीत नाही. तेथील मुख्य डॉक्टर हाताखालच्यांच्या पगारात आपला वाटा मागतो; आणि धडधाकट कामगाराला आजारपणाचा दाखला नाकारला, तर डॉक्टरच अप्रिय होतो.

मॅन्सन लंडनला येतो आणि येथेच त्याची खरी कसोटी लागते. श्रीमंत स्त्रियांच्या काल्पनिक दुखण्यांवर निरुपयोगी इंजेक्शने, एकमेकांकडे रोगी पाठवून फी वाटून घेणे, उंची पोशाख, मेजवान्या! यांतले प्रत्येक पाऊल लहान असते. म्हणूनच घसरण ध्यानात येत नाही. ती फक्त त्याच्या पत्नीला, क्रिस्टीनला, दिसते. पूर्वी तो आयुष्याला एका न दिसणाऱ्या गडावरील चढाई म्हणत असे, याची ती त्याला आठवण करून देते. त्याला तिचा रागच येतो.

मग व्हिडलर नावाचा एक गरीब चांभार त्याच्या विश्वासावर शस्त्रक्रियेला तयार होतो. मॅन्सन त्याला आयव्हरी या आपल्या मित्राच्या स्वाधीन करतो. या गृहस्थाची कीर्ती धनिकांच्या दिवाणखान्यांत वाढलेली. हातात कौशल्य मात्र नाही. रोगी मेजावरच दगावतो. आयव्हरी शांतपणे हात धुतो. पण हा खूनच झाला आणि आपणही त्यात वाटेकरी आहोत, हे मॅन्सनला उमगते. कादंबरीचा हा भाग वाचताना अंगावर काटा येतो.

मॅन्सन तो सारा व्यवसाय टाकून देतो. थोड्याच दिवसांत क्रिस्टीन बसखाली सापडून मरण पावते. त्यातच, पदवी नसलेल्या पण क्षयरोगात निष्णात अशा एका तज्ज्ञाबरोबर काम केल्याबद्दल वैद्यकीय परिषदेपुढे त्याची चौकशी होते. तेथे तो ज्या पदवीहीन उपकारकर्त्यांची नावे घेतो, त्यांत पाश्चरबरोबर हाफकिनही आहे. १८९७ साली मुंबईत प्लेगची लस तयार करणारा तोच हाफकिन. परळच्या संस्थेला त्याचे नाव आहे. मॅन्सन निर्दोष सुटतो आणि मित्रांच्या साहाय्याने, निरनिराळ्या शाखांचे डॉक्टर एकत्र काम करतील असे रुग्णालय काढावयास निघतो.

ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि उपचाराच्या वेळी रोग्याने पैसे देण्याची गरज उरली नाही. ती उभारणारा मंत्री अन्यूरिन बेव्हन हा ट्रेडेगरचाच सुपुत्र. कायदा कादंबरीने होत नाही. परंतु लोकमताची जमीन नांगरण्याचे काम या ग्रंथाने केले, असे अनेक जण मानतात.

मॅन्सन स्वभावाने दुष्ट नव्हता. रोग्याच्या दुखण्यावर डॉक्टरची चैन अवलंबून ठेवणाऱ्या व्यवस्थेत तो हळूहळू बुडाला. उलट कामगारांची योजना हेतूने चांगली असूनही, माणसांच्या स्वार्थाने तिला डाग लागलाच. व्यवस्था सुधारली पाहिजे आणि माणसाचा विवेकही जागा राहिला पाहिजे. यांतले एक सुटले तरी बळी जातो तो व्हिडलरसारख्या विश्वासू गरिबाचा. क्रोनिनचा गड चढावयाचा तो त्याच्यासाठी.