गहाण पडलेलं घर आणि नहेम्या



सपाट भागात केंद्राच्या घरकुल योजनेचे १ लाख २० हजार हप्त्याहप्त्याने येतात. भिंती उभ्या राहतात, पण स्लॅबला पैसे कमी पडतात. मग आपण सावकाराकडे जातो, आणि तो घराची जागाच लिहून मागतो.

बायबलात नहेम्याच्या पाचव्या अध्यायात हेच दुखणं आहे. दुष्काळात लोकांनी धान्यासाठी शेतं, घरं गहाण टाकली. बायकांनीही ओरड केली. नहेम्याने सभा भरवली, सावकारांना समोर उभं केलं आणि शेतं, घरं, व्याज परत द्यायला लावलं.

आम्ही गटात तेच धरून चालतो. स्लॅब अडलेल्या बाईला आधी कर्ज, ती कोणत्याही धर्माची असो. व्याज सगळ्यांनी ठरवलेलं, वहीत लिहिलेलं, आणि ते गटातच राहतं. कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा नाही.

जागा आधीच गेली असेल तर? महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे. सावकारीत १५ वर्षांच्या आत गेलेल्या जागेसाठी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. चौकशीत सिद्ध झालं, तर जागा परत मिळते. कागद सांभाळा, आणि एकटीने जाऊ नका. गट सोबत येईल.