खिडक्या धुणाऱ्याची गाडी

इंग्लंडांतील एखाद्या मध्यम वस्तीच्या रस्त्यावर सकाळीं साडेआठच्या सुमारास एक लहानशी बंद मोटार येऊन उभी राहते. तींतून एकच माणूस उतरतो, मागचें दार उघडतो, रिळावरची बारीक नळी ओढीत घराच्या परसांत शिरतो, आणि वीस फूट लांब काठीच्या टोंकाला बसविलेल्या ब्रशानें वरच्या मजल्याच्या खिडक्या घासूं लागतो. शिडी नाहीं, बादली नाहीं, फडकेंसुद्धां नाहीं. कांचेवरून ओघळणारें पाणी तसेंच सोडून तो पुढच्या खिडकीकडे वळतो. पाहणाऱ्या गृहिणीला वाटावें, हा काम अर्धवट टाकून चालला! पण थोड्या वेळानें पाहावें तों कांच कोरडी आणि निर्मळ. तिच्यावर थेंबाचा डागदेखील उरलेला नसतो.

पूर्वीं हा धंदा शिडीचा होता. कॅलिफोर्नियांत ओकलंड येथें एत्तोरे स्तेक्कोने या इटालियन कारागिरानें १९३६ सालीं पितळी मुठीची, एका रबरी पातीची हलकी पुसणी तयार केली, आणि ती जगभरच्या धुणाऱ्यांच्या हातीं गेली. त्याच वर्षीं जॉर्ज फॉर्म्बी या इंग्रज विनोदी नटानें शिडीवरून लोकांच्या खिडक्यांत डोकावणाऱ्या धुणाऱ्याचें गाणें चित्रपटांत म्हटलें. गाणें गमतीचें होतें, पण शिडीवरून पडणाऱ्याला त्यांत गंमत वाटली नसती. पुढें २००५ सालीं ब्रिटनमध्यें उंचीवरील कामाचे नियम लागू झाले. जेथें टाळतां येईल तेथें उंचीवर चढणें टाळावें, हा त्यांतील पहिला दंडक. अशा कामाला लांब काठी सोयीची ठरली. माणूस जमिनीवर राहिला. परंतु त्याबरोबर पाणी गाडींत आलें, आणि जो धोका शिडीच्या टोंकाशीं होता तो चालकाच्या पाठीमागें येऊन बसला. ही गाडी सजविण्याची सारी विद्या त्या पाण्याभोंवतीं फिरते.

हें पाणी साधें नसतें. नळाच्या पाण्यांत चुना व इतर क्षार विरघळलेले असतात. पाणी वाळून गेलें कीं ते कांचेवर पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपानें मागें राहतात, म्हणून तर पूर्वीं फडक्याची गरज पडे. क्षारच काढून टाकले तर पुसावयाचें कांहीं उरत नाहीं. त्यासाठीं पाणी प्रथम दाबाखालीं एका सूक्ष्म पडद्यांतून काढतात. पुण्या-मुंबईच्या पुष्कळ घरांत भिंतीवर टांगलेल्या आर-ओ यंत्राचाच हा थोरला भाऊ म्हणावा. मग तें रेझिनच्या बारीक मण्यांनीं भरलेल्या नळकांड्यांतून सोडतात. हे मणी उरलेसुरले क्षार आपल्याकडे धरून ठेवतात आणि त्यांच्या बदल्यांत पाण्याचेच घटक परत देतात. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले पदार्थ चालतात; कांचेला मात्र १० देखील जास्तच वाटतात. पोटापेक्षां कांच अधिक सोवळी, असा हा प्रकार आहे. स्कॉटलंडच्या बऱ्याच भागांत पाणी मुळांतच मऊ, तेव्हां तेथें केवळ रेझिनवर भागतें. लंडनसारख्या चुनखडीच्या पाण्याच्या गांवीं पडद्यावांचून रेझिनचा खर्च परवडत नाहीं. पडद्याची गति मंद असल्यामुळें पाणी रात्रीं घरींच शुद्ध करून ठेवावें आणि सकाळीं गाडींत भरावें, ही चाल चांगली.

आतां वजनाचा हिशेब. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. हा सोपा हिशेबच नवखा माणूस विसरतो. समजा, एका लहान व्हॅनची वाहनक्षमता ६५० किलो आहे आणि चालकही तींतच मोजावयाचा आहे. चालकाचे ८० किलो, टाकी व तिचा पोलादी सांगाडा ६०, पंप, बॅटरी, रीळ व गाळणी मिळून आणखी ६०, काठ्या, ब्रश व किरकोळ सामान ३०. म्हणजे पाण्यासाठीं ४२० किलो उरले. अशा गाडींत ४०० लिटरची टाकी कशीबशी बसते. ५०० लिटरची बसविली तर गाडी पहिल्याच दिवशीं ८० किलोंनीं कायद्याबाहेर जाते. जागा पुष्कळ दिसते, हीच यांतील फसवणूक होय. गाडीचें पोट रिकामें दिसलें तरी तिच्या कमानी भरून गेलेल्या असतात.

पण दंडापेक्षां मोठी गोष्ट निराळीच आहे. ताशीं ४८ किलोमीटरच्या वेगानें जाणारी गाडी कशावर तरी आदळून ६० सेंटिमीटरच्या अंतरांत थांबली, अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी. गाडी थांबते, परंतु पाण्याला थांबावयाचें नसतें. ४०० किलो पाणी त्या क्षणीं सुमारें ६ टनांच्या जोरानें पुढें रेटतें, आणि पुढें चालकाची पाठ असते. तेव्हां सामान बांधावयाच्या पट्ट्यांनीं टाकी आवळून ठेवणें, किंवा पत्र्याच्या तळाला चार स्क्रू मारणें, म्हणजे स्वतःची फसवणूक करणें होय. टाकी पोलादी सांगाड्यांत धरावी, सांगाडा जाड बोल्टांनीं तळांतून आरपार बांधावा, आणि खालच्या बाजूस नुसते वायसर न घालतां पोलादाच्या रुंद पट्ट्या द्याव्या, म्हणजे पत्रा फाटून बोल्ट वर निघणार नाहीं. बोल्ट कोठें घ्यावयाचे हें वाकून, गाडीखालीं शिरून पाहावें. तेथें इंधनाची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या असतात. चालक आणि माल यांमध्यें पोलादी आडभिंत असलेलीच गाडी घ्यावी. तिच्यावर विसंबून सांगाडा मात्र वगळूं नये, कारण एवढा धक्का सोसण्याच्या हिशेबानें सामान्य आडभिंत केलेली नसते. काटकसर करावयाचीच तर ती ब्रशांत करावी.

टाकी आडवी, बसकी, आणि आडभिंतीला लागून असावी. उभी टाकी वळणावर गाडीला कलवते. मागच्या आंसाच्या मागें ठेवलेली टाकी पुढचीं चाकें हलकीं करते, आणि सुकाणूची पकड जाते. भरलेल्या टाकीपेक्षां अर्धी टाकी अधिक खट्याळ असते. ब्रेक दाबला कीं आंतलें पाणी लाटेसारखें पुढें जातें, क्षणभरानें परततें, आणि थांबलेली गाडी पुन्हां हिसका देते. म्हणून टाकींत आडपडदे असावेत.

बाकीचें सामान गुंतागुंतीचें नाहीं. बारा व्होल्टचा लहान पंप मिनिटाला एक-दोन लिटर पाणी काठीच्या टोंकास पोंचवितो. त्यासाठीं निराळी बॅटरी ठेवावी, नाहींतर संध्याकाळीं गाडीच सुरू व्हावयाची नाहीं. शंभर मीटर नळीचें रीळ मागच्या दाराशीं असावें. काठ्या कार्बनच्या असल्या तर हलक्या पडतात, परंतु त्यांतून वीज वाहते. डोक्यावरून तारा गेलेल्या घरीं ती काठी उभारूं नये. हिंवाळ्यांत गोठलेलें पाणी पंप फोडतें, यास्तव रात्रीं पंप व नळ्या रित्या कराव्या किंवा गाडींत लहानसा उष्मक ठेवावा.

सर्व सामान बसलें, टाकी कांठोकांठ भरली, चालक आपल्या जेवणाच्या डब्यासह जागेवर बसला, कीं गाडी प्रथम गिऱ्हाइकाकडे न नेतां सार्वजनिक वजनकांट्यावर न्यावी. एकंदर वजन आणि प्रत्येक आंसावरील वजन निरनिराळें करून घ्यावें व गाडीच्या पाटीवरील आंकड्यांशीं ताडून पाहावें. आंकडा वर गेला तर टाकींत खूण करून कमी पाणी भरूं, असें मनाला समजावूं नये; घाईच्या सकाळीं ती खूण कोणी पाहत नाहीं. टाकी बदलून लहान घ्यावी आणि दुपारीं घरीं येऊन पुन्हां भरून न्यावी.