मुद्रकाचे नाव नसलेले पत्रक
(मानखुर्द येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



निवडणुकीच्या प्रचारात समाजमाध्यमांचा जो दुरुपयोग होतो त्याविषयी चार शब्द बोलावे, अशी कार्यकारी मंडळाने आम्हांस आज्ञा केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. कोणत्याही पक्षाची बाजू मांडण्यास आम्ही उभे नाही. ज्ञातीच्या हिताचा प्रश्न म्हणूनच आम्ही याकडे पाहतो.

निवडणुकीतील खोटा प्रचार ही काही आजची गोष्ट नव्हे. रातोरात भिंतींवर चिकटवलेली निनावी पत्रके येथील वडीलधाऱ्यांनी पुष्कळ पाहिली असतील. अशा पत्रकांस आळा बसावा म्हणून १९६१ साली लोकप्रतिनिधित्व कायद्यात १२७अ हे कलम घालण्यात आले. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव आणि पत्ता असलाच पाहिजे, असे ते सांगते. जो बोलेल त्याने आपल्या बोलण्याची जबाबदारी घ्यावी, हे त्यामागील तत्त्व. आज फोनवर येणाऱ्या सांगाव्यावर मूळ कर्त्याचे नाव नसते. नाव असते ते पुढे पाठवणाऱ्याचे, म्हणजे आपल्या मामांचे, व्याह्यांचे, किंबहुना मंडळाच्या चिटणीसांचे. भिंतीवरच्या निनावी पत्रकाकडे जो ढुंकूनही पाहणार नाही, तोच मामांनी धाडलेला मजकूर खरा मानतो. खोटे रचणाऱ्यापाशी स्वतःची पत नसते. ती तो आपल्याकडून उसनी घेतो.

आपल्या मानखुर्दात कोकणातील, देशावरील, मराठवाड्यातील आणि परप्रांतातील कुटुंबे शेजारी शेजारी नांदतात. प्रत्येकाच्या फोनवर गावचा एक ग्रुप, इमारतीचा एक आणि ज्ञातीचा एक असतो. सकाळी गावी आलेला सांगावा दुपारपर्यंत महाराष्ट्रनगरात पोहोचतो. प्रचारकास दारोदार हिंडावे लागत नाही. ते काम आपणच फुकट करतो.

दोन उदाहरणे सांगतो. एप्रिल २०२४ मध्ये, लोकसभेची निवडणूक चालू असता, गृहमंत्री अमित शहा यांच्या भाषणाची एक चित्रफीत देशभर फिरली. अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांचे आरक्षण रद्द करू, असे ते म्हणत असल्याचे तीत भासवले होते. मूळ भाषण २०२३ सालचे, तेलंगणातील, आणि तेथील मुसलमानांच्या आरक्षणासंबंधीचे होते. कापून जोडलेल्या त्या फितीबद्दल दिल्ली पोलिसांनी गुन्हा नोंदवला. त्यानंतर त्याच वर्षी २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान होते. आदल्या दिवशी सुप्रिया सुळे व नाना पटोले यांच्या आवाजातील म्हणून काही ध्वनिफिती भारतीय जनता पक्षाने प्रसृत केल्या. दोघांनीही त्या खोट्या असल्याचे सांगितले. सुळे यांनी निवडणूक आयोगाकडे तक्रार केली. तपासणाऱ्या पत्रकारांना त्यांपैकी बहुतेकांत कृत्रिम बुद्धिमत्तेने आवाज घडवल्याची चिन्हे आढळली. एका प्रकरणात एका पक्षाची हानी, दुसऱ्यात दुसऱ्याची. मतदार मात्र दोन्ही वेळा फसवणुकीच्या तोंडी उभा होता.

कोणी म्हणेल, चार खोट्या फितींनी काय बिघडते? त्यांस आम्ही धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याचे स्मरण देतो. तेथील सांगावा निवडणुकीचा नव्हता, मुले पळवणाऱ्या टोळीचा होता. पण तो ज्या वाटेने आला ती वाट हीच. १ जुलै २०१८ रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. आपली ज्ञाती एखाद्या समाजाविषयी जे विष पुढे पाठवील, तेच उद्या दुसरा कोणी आपल्याविषयी पाठवील. भटक्या, गरीब व अल्पसंख्य ज्ञातींना तर याचे भय अधिक.

सरकार व कंपन्या अगदीच स्वस्थ बसल्या आहेत असे नाही. त्या वर्षी जुलैतच व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. अनेकदा फिरलेल्या मजकुरावर दुहेरी बाणाची खूण असते आणि २०२० पासून तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. ६ मे २०२४ रोजी निवडणूक आयोगाने पक्षांना बजावले की, बनावट मजकूर नजरेस आणून दिल्यावर तीन तासांत काढून टाकावा. हे सर्व स्तुत्य आहे. तथापि मतदानाच्या आदल्या रात्री सुटलेले खोटे तीन तासांत काढले, तरी ज्यांच्या मनात ते एकदा शिरले त्यांच्या मनातून ते कोण काढणार?

म्हणून मंडळाने तीन नियम करावेत, अशी आमची विनंती आहे. दुहेरी बाणाचा प्रचारी मजकूर ज्ञातीच्या ग्रुपवर कोणीही टाकू नये. भाषणाचा तुकडा आल्यास संपूर्ण भाषण पाहिल्याविना तो पुढे जाऊ नये. आणि मतदानापूर्वीच्या अठ्ठेचाळीस तासांत आलेली सनसनाटी बातमी, ती आपल्या आवडत्या पक्षाच्या सोयीची असली तरी, तेथेच थांबवावी. हा तिसरा नियम पाळणे सर्वांत कठीण. विरोधकाचे खोटे ओळखण्यास बुद्धी पुरते, आपल्या बाजूचे खोटे अडवण्यास चारित्र्य लागते.

आपल्या पूर्वजांनी ज्ञातीचे नाव राखले ते दिलेल्या शब्दाला जागून. पुढे पाठवलेला प्रत्येक सांगावा हा आपलाच शब्द आहे. त्याखाली आपले नाव मुद्रक म्हणून छापावयाचे असते, तर आपण तो पाठवला असता काय, एवढा एक प्रश्न प्रत्येकाने बोट दाबण्यापूर्वी स्वतःस विचारावा, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.