काशीतील खडी मोटार आणि गावाकडची वाट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



गागाभट्टांवर बोलावे, अहिल्याबाईंवर बोलावे, घाटांच्या इतिहासावर बोलावे असे अधिकारी वक्ते या व्याख्यानमालेत पुष्कळ झाले. आमच्या वाट्याला चिटणीसांनी मोटार दिली आहे. विषय ऐकून मागच्या रांगेत थोडे हसू उमटले, तेही आम्ही ऐकले. परंतु दसरा उलटला की या सभागृहातील किती कुटुंबे गाडी काढून नागपूर, पुणे, नाशिककडे निघतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा विषय हलका वाटणार नाही.

काशीच्या मराठी वस्तीची एक गंमत आहे. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या भागांतल्या आपल्या जुन्या घरांच्या दाराशी मोटार कधी आली नाही आणि येणारही नाही. समोरून गाय आली तर आपण कोणाच्या तरी ओट्यावर चढायचे, अशा त्या गल्ल्या. साहजिकच मालक राहतो गल्लीत आणि मोटार राहते मैदागिनच्या बाजूला, नाहीतर महमूरगंजला कोणा आप्ताच्या अंगणात. ज्यांनी पुढे सिगरा, लंका, भेलूपूर या भागांत घरे केली त्यांच्या दाराशी मोटार आहे खरी. पण शहरात कामासाठी तेही दुचाकी किंवा ई-रिक्षाच पसंत करतात. गोदौलियाच्या गर्दीत चारचाकी घालण्याची हौस कोणाला? आपल्या काशीकर मराठीत गाडी 'उभी' नसते, 'खडी' असते. आज आम्हाला बोलायचे आहे ते या खडेपणाविषयीच.

आपली समजूत अशी, की जी गाडी चालत नाही ती झिजत नाही. मीटरवर पाच वर्षांत अठरा हजार किलोमीटर झाले, म्हणजे गाडी जवळजवळ नवीच! विकणारा असे अभिमानाने सांगतो, घेणाराही मान डोलावतो. वस्तुस्थिती बरीच निराळी आहे. मोटार हे चालण्यासाठी केलेले यंत्र आहे. रबर, तेल, आम्ल, पितळ आणि लोखंड यांची ती एक संसारी तडजोड आहे, आणि ती तडजोड चालण्यानेच टिकते.

प्रथम बॅटरी पाहा. जुन्या ॲम्बेसेडर किंवा पद्मिनीत किल्ली काढली की घड्याळासारखे एखादे यंत्र सोडल्यास काही चालू राहत नसे. आजच्या गाडीत किल्ली काढल्यावरही संगणक, कुलूप, चोरघंटा हे सारे अर्धवट जागे असतात. त्यांचा खर्च अगदी किरकोळ, समजा ३० मिलिअँपिअर. पण दिवसाचे चोवीस तास धरले तर तो ०.७२ अँपिअर-तास होतो आणि महिन्याला एकवीस-बावीस. छोट्या गाडीची बॅटरी ४० अँपिअर-तासांच्या आसपास असते. म्हणजे महिन्याभरात, गाडी जागची न हलता, निम्म्याहून अधिक पुंजी संपली! वर, शिसे-आम्लाची बॅटरी अर्धीमुर्धी उतरलेल्या स्थितीत पडून राहिली की तिच्या पत्र्यांवर खडे बसतात आणि तिचे आयुष्यच घटते.

यावर पुष्कळ घरांत एक उपाय चालतो. रविवारी सकाळी घरातले तरुण चिरंजीव जातात, इंजिन सुरू करतात, पाच मिनिटे घुरघुर ऐकतात आणि बंद करून परत येतात. सेवा झाल्याचे समाधान मिळते. गाडीचे मात्र नुकसानच होते. गाडी सुरू करताना बॅटरीतून जे गेले ते पाच मिनिटांत भरून येत नाही. इंजिन पुरते तापत नाही, म्हणून ज्वलनातून निघालेले पाणी वाफ होऊन बाहेर न जाता सायलेन्सरमध्ये आणि वंगणात साचते. त्याऐवजी पंधरवड्यातून एकदा गाडी बाहेर काढावी आणि सारनाथपर्यंत किंवा बाबतपूरच्या रस्त्याने चांगली अर्धा-पाऊण तास चालवावी. ब्रेक दाबावेत, सगळे गिअर टाकावेत, काचा वरखाली कराव्यात. वाटल्यास घरच्या वडीलधाऱ्यांना बरोबर घ्यावे. त्यांचीही हवापालट होते.

हातब्रेकविषयी एक वाक्य. पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने हातब्रेक ओढून ठेवली तर मागच्या ड्रमला ब्रेकचे गुटके चिकटतात. सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवावी, चाकाला पुढे-मागे वीट लावावी आणि हातब्रेक सोडून द्यावा. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून घेते, म्हणून किलोमीटर झाले नसले तरी दोन वर्षांनी ते बदलावे. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्यालाही पाण्याची ओढ आहे; गाडी दीर्घकाळ ठेवायची असेल तर टाकी रिकामी ठेवू नये.

आता उंदीर. छप्पन्न विनायकांच्या या नगरीत त्यांच्या वाहनांची संख्या किती असावी, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही; पण त्यांना आपल्या वाहनाविषयी विशेष आपुलकी आहे, एवढे निश्चित. खड्या गाडीचे बॉनेट म्हणजे त्यांच्या दृष्टीने ऊबदार धर्मशाळा. एक वायर कुरतडली गेली की इंजिनचा दिवा लागतो आणि मिस्त्रीकडचे दोन दिवस पक्के. तंबाखूची पाने, डांबराच्या गोळ्या असे उपाय लोक सांगतात. आमचा विश्वास त्यांपेक्षा बॉनेट आठवड्यातून एकदा उघडण्यावर आणि गाडीत खाण्याचा कण न ठेवण्यावर अधिक आहे. माकडांनी वाकवलेल्या आरशांविषयी बोलावे तितके थोडे. असो.

या सर्वांहून गंभीर गोष्ट टायरची आहे, आणि तिच्यासाठीच आम्ही आज उभे आहोत.

काशीहून महाराष्ट्राकडे जाणारी वाट आपल्या पूर्वजांनी पायी आणि बैलगाडीने तुडवली. वरसईच्या गोडसे भटजींनी गंगेची कावड खांद्यावर घेऊन केलेला परतीचा प्रवास आपल्यातील पुष्कळांनी वाचला असेल. पुढे आगगाडी आली. महानगरी एक्सप्रेसचे तिकीट मिळणे हाच अनेक वर्षे आपल्या सुट्टीचा मुहूर्त होता. मोटारीची वाटही जुनीच. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ याच वाराणसीतून सुरू होई आणि मिर्झापूर, रीवा, जबलपूर, नागपूरवरून थेट कन्याकुमारीला टेके. देशातला तो सर्वांत लांब राष्ट्रीय महामार्ग होता. २०१० मध्ये क्रमांक बदलले, त्याचे तुकडे निरनिराळ्या आकड्यांखाली गेले. तरी नागपूरच्या सासुरवाडीला निघालेल्या काशीकर जावयाच्या तोंडी अजून 'सात नंबर'च आहे.

हा रस्ता पूर्वी खड्ड्यांचा होता. ॲम्बेसेडरमध्ये पाने-पक्कड, पंख्याचा पट्टा, प्लग, पाण्याचा डबा घेऊन माणसे निघत. ताशी पन्नासच्या वर वेग जात नसे. दर तीस-चाळीस मैलांवर थांबून रेडिएटरला पाणी पाजावे लागे. गाडी वारंवार बिघडे, आणि म्हणूनच फार मोठा अपघात करण्याइतकी उसंत तिला मिळत नसे! आज चित्र पालटले आहे. सडक रुंद झाली आहे, आणि नागपूरहून पुढे ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून थेट मुंबईच्या बाजूपर्यंत पूर्ण खुला झाला आहे. त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा आहे. काँक्रीटचा सरळ रस्ता, गाव नाही, वळण नाही, बैल नाही.

त्या रस्त्यावर आपण कोणती गाडी नेतो? दहा महिने महमूरगंजच्या अंगणात खडी असलेली.

छोट्या मोटारीचे चाक एका फेऱ्यात सुमारे दोन मीटर जाते. ताशी १२० च्या वेगाला ते मिनिटाला हजार फेरे घेते, आणि प्रत्येक फेऱ्यात टायरचा प्रत्येक भाग जमिनीला टेकताना दबतो व सुटतो. हवा कमी असेल तर तो अधिक दबतो, अधिक तापतो. खड्या गाडीच्या टायरमधून महिन्याला एक-दोन पाउंड हवा सहज जाते. बत्तीसची हवा दहा महिन्यांत विसावर आलेली असते आणि डोळ्यांना ते कळत नाही. शिवाय उन्हात आणि हवेत रबर वाळते. नक्षी खोल दिसते, म्हणून टायर नवा वाटतो. बाजूच्या भिंतीवर केसासारख्या चिरा असतात. टायरच्या अंगावर चार आकडी खूण असते. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. पाच-सहा वर्षांपुढचा टायर जाणकाराने पाहिल्याशिवाय लांबच्या प्रवासाला नेऊ नये, आणि दहा वर्षांचा टायर नक्षी कितीही असली तरी काढून टाकावा. स्टेपनीचेही तसेच, ती डिकीत बसून म्हातारी होते आणि तिची आठवण रस्त्यात होते.

उन्हाळ्यात हवा कमी भरावी, म्हणजे गरम होऊन टायर फुटणार नाही, असा एक समज फार पसरला आहे. तो अगदी उलटा आहे. कारखान्याने दाराच्या चौकटीवर किंवा टाकीच्या झाकणावर लिहिलेला आकडा थंड टायरचा असतो; वैशाखातही तोच भरावा, सकाळी निघण्यापूर्वी भरावा, आणि माणसे व सामान पुरे असेल तर भरल्या गाडीसाठी दिलेला वाढीव आकडा पाहावा. आपल्या सामानात मुरंबे, बनारसी साड्या आणि गंगाजलाच्या कळश्या किती असतात हे आम्ही सांगायला नको.

यासाठी आपल्या पंचांगात सोय आहे. खंडेनवमीला आपण शस्त्रांची, अवजारांची पूजा करतो. दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. दसरा ते लक्ष्मीपूजन यांत साधारण वीस दिवसांचे अंतर असते. माळ घालण्याच्या दिवशीच गाडी तपासायला द्यावी. त्यानंतर एक दिवसाआड ती चालवावी. जे काही बिघडायचे ते त्या वीस दिवसांत काशीत, ओळखीच्या मिस्त्रीच्या दारात बिघडू द्यावे. डोंगर-जंगलातल्या वाटेवर रात्री नऊ वाजता नव्हे.

पौषात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत निघणाऱ्यांना धुके भेटते. देशावरून नव्याने आलेल्या आपल्या मंडळींना धुके म्हणजे महाबळेश्वर वाटते. गंगेच्या मैदानातले धुके ही निराळीच चीज आहे. दहा पावलांवरचा उभा ट्रक त्यात दिसत नाही. अशा वेळी दिवे खालच्या झोतावर ठेवावेत, वरचा झोत धुक्यावरून परतून आपल्याच डोळ्यांवर येतो. चारही दिवे मिचकावत चालवू नये, वळणाची खूणच त्यात हरवते. रस्त्यावर थांबू तर मुळीच नये. खरे म्हणजे सकाळी दहाच्या आधी निघूच नये. साठी ओलांडलेल्यांनी, विशेषतः मोतीबिंदू असलेल्यांनी, रात्रीचे चालवणे मुलांकडे सोपवावे. चाळिशीनंतर परवाना नवा करताना डॉक्टरचा दाखला लागतो; तो ओळखीच्या डॉक्टरकडून चहा पिता पिता घेण्याची वस्तू नव्हे.

२०२५ च्या फेब्रुवारीत प्रयागच्या कुंभासाठी रीवामार्गे येणाऱ्या वाहनांची जी कोंडी झाली, तिच्यात आपल्यापैकी अनेकांचे पाहुणे अडकले होते. कटनी, जबलपूरपर्यंत गाड्या थोपवाव्या लागल्या. इंजिन तासन्‌तास जागच्या जागी चालत राहते तेव्हा पंखा आणि शीतक द्रव यांचीच कसोटी लागते. तेही दसऱ्याच्या तपासणीत पाहून घ्यावे.

गंगेच्या पुराविषयी थोडेच सांगतो. १९७८ च्या सप्टेंबरात येथे पाणी ७३.९०१ मीटरवर गेले होते. धोक्याची पातळी ७१.२६२. सामनेघाट, नगवा, वरुणेकाठ येथे गाडी ठेवणाऱ्यांनी भाद्रपद संपेपर्यंत तिला उंचावर हलवावे. गाडी पाण्यात गेलीच, तर उतरल्यावर किल्ली फिरवू नका. पाणी दाबले जात नाही, दांडा वाकतो. इंजिनच्या संरक्षणाची निराळी पुरवणी घेतली नसेल तर विमा कंपनीही असा खर्च बहुधा नाकारते. बुडालेली गाडी ओढून मिस्त्रीकडे न्यावी.

पुण्याहून भाच्याने मामाला दिलेली, 'एम्. एच्. १२' मिरवणारी गाडी आपल्याकडे पुष्कळांच्या दारी आहे. ती पाटी पाहून गावाची आठवण येते, हे आम्हीही समजतो. पण दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवली तर तेथे नव्याने नोंदणी करावी लागते. मूळ कार्यालयाचे ना-हरकत पत्र आणावे, इथला कर भरावा, उरलेल्या काळाचा तिकडचा कर परत मागावा आणि 'यू. पी. ६५' लावून घ्यावी.

शेवटी मंडळापुढे एक सूचना. गल्लीतल्या तीन घरांच्या तीन मोटारी तीन ठिकाणी खड्या राहण्यापेक्षा एकच गाडी तिघांनी वापरावी, म्हणजे ती चालती राहील. रात्री कोणा आजोबांना छातीत कळ आली, तर त्यांना खुर्चीवरून गल्लीबाहेर आणीपर्यंत गाडी तोंडाशी तयार असेल. परवाना असलेल्या शेजाऱ्याने मालकाच्या संमतीने गाडी चालवली तर विम्याची अडचण येत नाही. मात्र भाडे म्हणून एक रुपयाही घेऊ नये, कारण खासगी गाडीच्या विम्यात भाड्याची वाहतूक बसत नाही. पेट्रोल ज्याचे त्याने भरावे. किल्ली कोणाकडे, गाडी कोठे, टायर कोणत्या सालचे, हवा शेवटची कधी भरली, एवढे चार रकाने असलेली एक वही मंडळाच्या कार्यालयात आम्ही आणून ठेवली आहे. सभेनंतर तीत नावे लिहावीत.