सेवाग्रामांतील एक मतभेद



वर्धा जिल्ह्याचें नांव निघालें कीं सेवाग्रामचा चरखा, सायंप्रार्थना आणि गांधीजींची मातीची कुटी आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु त्याच आश्रमांत एका कट्टर निरीश्वरवाद्याचें म्हणणें आदरानें ऐकून घेतलें गेलें, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाहीं. सार्वजनिक जीवनांत विवेकाचें मोल काय, तें या गोष्टीवरून उत्तम कळतें.

‘गोरा’ या नांवानें ओळखले जाणारे गोपराजु रामचंद्र राव हे आंध्रांतील वनस्पतिशास्त्राचे अध्यापक. मतांपायीं त्यांना नोकरीला मुकावें लागलें. पुढें १९४० सालीं त्यांनीं मुदुनूर या खेड्यांत नास्तिक केंद्र काढलें व अस्पृश्यतानिवारणाचें कार्य आरंभिलें. १९४४ च्या नोव्हेंबरांत ते सेवाग्रामीं आले. देवावर आणि दैवावर हवाला ठेवल्यामुळें मनुष्य आपलें दारिद्र्य व आपली जात निमूटपणें पत्करतो, असा त्यांचा सिद्धांत होता.

गांधीजींचें सारें जीवन ईश्वरनिष्ठेवर उभें. तरी त्यांनीं या पाहुण्याची हेटाळणी केली नाहीं. त्यांच्या कामाची विचारपूस केली, आणि या कामाला नास्तिकतेची आवश्यकता काय, असा रोकडा प्रश्न केला. दोघांपैकीं कोणींहि आपलें मत सोडलें नाहीं. स्नेह मात्र वाढला. पुढें गोरांनीं आपल्या कन्येचा विवाह अस्पृश्य मानलेल्या समाजांतील तरुणाशीं ठरविला. तो सेवाग्रामांत व्हावा, आणि विधींत ईश्वराऐवजीं सत्याचें नांव घ्यावें, यास गांधीजींनीं संमति दिली. ‘सत्य हाच ईश्वर’ असें ते १९३१ पासून म्हणत आलेच होते. ३० जानेवारी १९४८ रोजीं त्यांची हत्या झाली. तरी त्याच वर्षींच्या मार्चमध्यें तो विवाह आश्रमांत पार पडला.

यावरून गांधीजींचें प्रत्येक मत विवेकाच्या कसोटीस उतरत असे, असें मात्र कोणीं समजूं नये. १९३४ चा बिहारचा भूकंप ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा होय, असें त्यांनीं म्हटलें. रवींद्रनाथ ठाकुरांनीं त्यास जाहीर हरकत घेतली. गांधीजी आपल्या म्हणण्यावर अढळ राहिले. पण रवींद्रनाथांची हरकत त्यांनीं आपल्याच ‘हरिजन’ पत्रांत छापली. आज आपण रवींद्रनाथांच्या बाजूनें कौल देऊं शकतों, कारण दोन्ही बाजू लोकांपुढें आल्या.

विवेक म्हणजे श्रद्धेचा उपहास नव्हे आणि वादांतील जयहि नव्हे. जो प्रश्न आपल्याला अडचणींत टाकतो, त्याला जागा देणें हें त्याचें पहिलें लक्षण. ग्रामसभा असो कीं विधिमंडळ, पुढाऱ्याची थोरवी पाहून प्रश्न गिळूं नका. आणि प्रश्नकर्ता आपल्या पंथाचा नाहीं म्हणून त्याला दाराबाहेरहि ठेवूं नका. जेथें महात्म्यालाहि प्रश्न विचारतां आला, तेथें इतरांनीं त्याचा राग मानण्याचें कारण नाहीं.